'बटरफ्लाय'ला मराठीत दर वेळी फुलपाखरूच म्हणायचं का?

शब्दवेल्हाळ, वर्तकनगर
सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे. मी भाषांतराची कामं करते. गेल्या आठवड्यात दोन कामं एकदम आली. एक कारखान्यातल्या नव्या कामगारांसाठीची पुस्तिका, आणि दुसरं म्हणजे बाळाला सुई लावलेली असताना आईने काय काळजी घ्यावी याचं पत्रक. दोन्हींचा कच्चा मसुदा यंत्राने केलेला होता, मी तो तपासून द्यायचा होता. पुस्तिकेत लिहिलं होतं, "पंप सुरू करण्यापूर्वी फुलपाखरू उघडे असल्याची खात्री करा." आणि पत्रकात, "बाळाच्या हातातील फुलपाखराला धक्का लावू नका."

दुसऱ्या वाक्यापाशी मी अडकून बसले. माझी भाची चार महिन्यांची असताना तिला दाखल केलं होतं, तेव्हा रात्री वहिनीच्या जोडीला मी होते. त्या वेळी आपण कागदावरचं अक्षर न् अक्षर वाचतो, कारण दुसरं काही आपल्या हातात नसतं. अशा आईला फुलपाखरू म्हणजे काय ते कळलं नाही आणि सुई निसटली, तर त्या लेकराला पुन्हा टोचणार.

तर विचारायचंय ते एवढंच: तुमच्या कामाच्या जागी या 'बटरफ्लाय'ला खरंच काय म्हणतात? कोशातलं नको, तोंडातलं हवं. आणि विषय निघालाच आहे तर या शब्दाचे आणखी कुठले अर्थ तुम्हाला भेटले तेही लिहा, यादी करून ठेवते.

चावीवाला, रबाळे
सोमवार, रात्री ११:०५

ताई, पहिलं वाक्य आधी बदला. ते वाचून नवीन पोरगा एकतर नुसता उभा राहील, नाहीतर भलतंच काही उघडेल.

मी ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसीत २१ वर्षं पाइपफिटर आहे. आमच्याकडे त्याला 'बटरफ्लाय वॉल' म्हणतात. लिहिताना व्हॉल्व्ह, बोलताना वॉल. नुसतं बटरफ्लायही चालतं, "दोन नंबरचा बटरफ्लाय बंद कर." फुलपाखरू कोणी म्हणत नाही. 'झडप' हा शब्द मी पुस्तकात बघितलाय, कामावर कधी ऐकला नाही.

आत पाइपाच्या तोंडाएवढी एक गोल चकती असते आणि तिच्या मधोमध आरपार दांडा. दांडा पाव फेरा फिरवला की चकती आडवी होऊन पाणी अडवते, उलटा फिरवला की धारेच्या रेषेत उभी राहते. अर्धवट उघडी असताना तोंडातून बघा, दांड्याच्या दोन्ही अंगांना दोन पंख दिसतील. नाव त्यावरून. गेट वॉलला चाक गरगर फिरवत बसावं लागतं, पण पूर्ण उघडला की त्याची फळी वाटेतून निघून जाते. बटरफ्लायची चकती पूर्ण उघडी असली तरी धारेतच राहते. त्यामुळे पाइप आतून साफ करायला काही ढकलायचं असेल तर ते तिथे अडतं.

आता तुमच्या पुस्तिकेसाठी. हाताच्या दांडीचा असेल तर नवीन पोरांना मी एकच खूण शिकवतो. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, दांडी पाइपाला आडवी म्हणजे बंद. हे चित्रासकट घाला. आणि सावकाश बंद करा असं ठळक अक्षरात लिहा. पाव फेऱ्यात बंद होतो म्हणून पोरं खटकन ओढतात. धावतं पाणी अचानक अडलं की तो धक्का लाइनभर फिरतो, त्याला वॉटर हॅमर म्हणतात. मी नवा असताना एकाने आठ इंची लाइनवरचा असा ओढला होता. जोड गळू नये म्हणून आत बसवलेलं गॅस्केट फाटलं आणि पाइप आधारावरून हलला. तो आवाज अजून कानात आहे. मोठ्या वॉलना गिअरबॉक्स बसवतात त्याचं एक कारण हेच, कोणाला घाई करताच येऊ नये.

मोटरसायकलच्या जुन्या कार्बोरेटरमध्येही हवेच्या वाटेत अशीच चकती असते. गॅरेजवाले तिलाही बटरफ्लाय म्हणतात. आणि हाताने पिळायचा दोन कानांचा नट असतो तो बटरफ्लाय नट.

माझं इथलं नाव चावीवाला, कारण वडील पाण्याच्या चाव्या सोडायचे. आळीत व्हॉल्व्हला कोणी व्हॉल्व्ह म्हटलंच नाही. "चावी सुटली का?" एवढंच.

सिस्टर_कळवा
मंगळवार, सकाळी ८:५०

नाइट करून आत्ता घरी आले. धागा बघितला आणि झोपायच्या आधी लिहिलंच पाहिजे असं वाटलं.

आम्ही तिला 'स्काल्प व्हेन' म्हणतो. डॉक्टर लोक 'बटरफ्लाय' म्हणतात, वस्तू एकच. तान्ह्या बाळाच्या डोक्याच्या शिरेत लावायला वापरायचे म्हणून स्काल्प व्हेन, आणि सुईच्या मुळाशी प्लास्टिकचे दोन पातळ पंख असतात म्हणून बटरफ्लाय. ते पंख शोभेचे नाहीत. सुई घालताना दोन्ही वर दुमडून चिमटीत धरायचे, म्हणजे एवढीशी सुई हातात स्थिर राहते. आत गेली की पंख सोडायचे, ते कातडीवर सपाट बसतात आणि त्यांच्यावर चिकटपट्टी मारायची. नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होत जाते. २३ नंबरचे पंख निळे, २५चे नारिंगी. अंधुक उजेडातही रंगावरून हात बरोबर जातो.

दवाखान्यातली आणखी दोन फुलपाखरं सांगते. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी, तिचे दोन भाग श्वासनलिकेच्या दोन बाजूंना आणि मध्ये जोडणारी पट्टी, म्हणून फुलपाखराच्या आकाराची. आणि लूपस नावाचा आजार आहे, त्यात नाकाच्या दांड्यावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा पसरू शकतो, त्याला बटरफ्लाय रॅश म्हणतात. लूपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. एकाच आजारात लांडगा आणि फुलपाखरू. ज्या बाईच्या चेहऱ्यावर ते उठतं तिच्यापुढे मात्र मी फुलपाखरू हा शब्द कधी काढत नाही. तिला तो गोड शब्द बोचतो.

ताई, पत्रकातलं वाक्य झालं की इथे टाका. मी बघून देते.

पाचपाखाडीकर
मंगळवार, दुपारी १२:३०

उत्तम धागा. निवृत्त मराठी शिक्षक आहे, त्यामुळे मूळ शब्दाबद्दल थोडं लिहितो.

फूल अधिक पाखरू. आपण त्याला किडा म्हटलं नाही, पाखरू म्हटलं. आणि 'पाखरू' या शब्दाचं शेपूट बघा. वासरू, कोकरू, लेकरू, शिंगरू, पाखरू. सगळी नपुंसकलिंगी, सगळी लहान, सगळी जीव लावावा अशी. वासरूचं मूळ संस्कृत 'वत्सरूप' आणि पाखरूचं 'पक्षिरूप' असं सांगतात. म्हणजे फुलपाखरू म्हणताना मराठी माणूस नकळत त्याला कोकरा-वासरांच्या रांगेत बसवतो. फुलाचं लेकरूच म्हणा ना. कारखान्यातल्या लोखंडी चकतीला हा शब्द का चिकटत नाही, ते यावरून समजतं. इंग्रजीत शब्द जुना होऊन गुळगुळीत झाला आहे, त्यातलं लोणी कोणाला जाणवत नाही. आपल्या शब्दातलं फूलही दिसतं आणि पाखरूही दिसतं.

ग्रीक लोकांकडे फुलपाखरू आणि आत्मा यांना एकच शब्द होता, 'सायकी'. सायकॉलॉजी त्यातूनच आली. लॅटिनमध्ये 'पापिलिओ' म्हणजे फुलपाखरू. तंबूची कापडं दोन्ही बाजूंना पसरलेली असतात, ती पंखांसारखी दिसतात म्हणून तंबूलाही तोच शब्द लागला. तो फ्रेंचमधून इंग्रजीत शिरताना झाला 'पॅव्हेलियन'. म्हणजे आपला फलंदाज बाद होऊन पॅव्हेलियनमध्ये परततो, तेव्हा शब्दापुरता तो फुलपाखराच्या पंखाखालीच जातो. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करत.

एक खुलासा. आमच्या पाचपाखाडीचा पाखराशी संबंध नाही. पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, तिच्यावरून वस्तीलाही पाखाडी म्हणू लागले. विद्यार्थी दरवर्षी विचारत.

नेरूळकार
मंगळवार, दुपारी १:१५

आमच्या घरी कोंकणी. आम्ही 'पिसोळें' म्हणतो. शेजारचे काका तेलुगू, ते म्हणतात 'सीताकोकचिलुका'. कोक म्हणजे लुगडं, चिलुका म्हणजे पोपट. सीतेच्या लुगड्याचा पोपट! गुरुजी, त्यांनाही किडा नाही, पक्षीच दिसला.

शब्दवेल्हाळ, वर्तकनगर
मंगळवार, दुपारी २:०२

नेरूळकार, सीतेच्या लुगड्याचा पोपट! आज दिवसभर हेच पुटपुटणार मी.

गुरुजी, 'पाकोळी'चं काय? माझी आजी फुलपाखराला पाकोळी म्हणायची.

पाचपाखाडीकर
मंगळवार, दुपारी २:४०

हो, कोकणात म्हणतात. गंमत अशी की पाकोळी हे एका पक्ष्याचंही नाव आहे, जुन्या इमारतींच्या छताला पिसांची आणि काड्यांची घरटी करणारा, सतत उडत असणारा. आजीचा शब्द सोडू नका.

येऊरवारी
मंगळवार, संध्याकाळी ७:२०

पाकोळीवरून आलोच. आपल्या राज्याचं फुलपाखरू 'राणी पाकोळी' आहे! इंग्रजीत ब्लू मॉर्मन. २०१५ साली महाराष्ट्राने ते जाहीर केलं, राज्य फुलपाखरू ठरवणारं देशातलं हे पहिलं राज्य. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावं दिली, त्यात याचं नाव 'नीलवंत' झालं. काळे मखमली पंख आणि मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा. पंख पसरले की १२ ते १५ सेंटिमीटर भरतात. पावसाळा सरता सरता ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरवाटेवर डोक्यावरून जातं तेव्हा आधी सावली दिसते, मग ते. शास्त्रीय नावात गुरुजींचा 'पापिलिओ' आहेच.

त्या यादीतली नावं मोठ्याने वाचून बघा. लिंबाळी, रुईकर, यामिनी, मनमौजी. लिंबाच्या झाडावर वाढणारी ती लिंबाळी, रुईवर वाढणारा तो रुईकर. नाव ऐकलं की झाड कळतं.

ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी घोडबंदर रोडला ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत जावं. शेताची बाग केली आहे. अळ्यांना लागणारी झाडं आणि फुलपाखरांना लागणारी फुलं दोन्ही लावली, म्हणून फुलपाखरं आपणहून येतात. रविवारी सकाळी जा, उन्हं पडल्यावर ती बाहेर येतात.

आणि घरच्या कढीपत्त्याची कुंडी नीट बघा. पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काळंपांढरं काही दिसलं तर झटकू नका. ती लिंबाळीची लहान अळी असू शकते, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तसं रूप असतं. मोठी झाली की हिरवीगार होते. हळूच बोट लावलंत तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आमच्या सोसायटीत अशा कुंड्यांवर सर्रास औषध मारतात. मुलांना फुलपाखराचं चित्र रंगवायला देतात आणि अळी चिरडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कुंडीवाली_वाशी
मंगळवार, रात्री ९:००

फुलांचं मी लिहिते. इंग्रजीत ज्याला 'बटरफ्लाय पी' म्हणतात ती आपली गोकर्ण. आजकाल तिचा निळा चहा महागड्या डब्यात मिळतो, लिंबू पिळलं की जांभळा होतो. आपल्या कुंपणावरचं तेच फूल. त्यांना त्यात फुलपाखरू दिसलं, आपल्याला गाईचा कान. 'बटरफ्लाय जिंजर' म्हणजे सोनटक्का. कृपया कोणी 'फुलपाखरू आले' असं भाषांतर करू नका! मी एका रोपवाटिकेच्या पाटीवर ते वाचलंय. सोनटक्का एवढा सुगंधी शब्द आपल्याकडे असताना.

तरणतलावावरचा_बाबा
मंगळवार, रात्री १०:१०

माझी लेक बारा वर्षांची, ठाण्यात मारोतराव शिंदे तरणतलावावर पोहते. तिथे पोहण्याच्या या प्रकाराला सगळे 'बटरफ्लाय'च म्हणतात, मुलं नुसतं 'फ्लाय'. पण या शब्दाचा इतिहास पोहण्यात फार छान आहे. १९३०च्या दशकात ब्रेस्टस्ट्रोकच्या, म्हणजे छातीवर बेडकासारखं पोहायच्या, स्पर्धेत काही जणांनी हात पाण्याखालून पुढे न्यायचे सोडून पाण्यावरून फेकायला सुरुवात केली. वेग वाढला, पण पाय तेव्हा बेडकासारखेच मारायचे. दोन्ही पाय जोडून शेपटीसारखे मारायची डॉल्फिन किक आली आणि हा प्रकार ब्रेस्टस्ट्रोकपासून वेगळा झाला. ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र शर्यत १९५६ला मेलबर्नमध्ये. बेडूक, फुलपाखरू आणि डॉल्फिन असे तीन जीव एका पोहण्यात.

पहिल्या दिवशी लेक पंधरा मीटरवर थांबली. काठाला धरून धापा टाकत म्हणाली, "बाबा, फुलपाखरू एवढं दमतं?" सर्वांत दमवणारा प्रकार आहे. शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरला अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने ५०.५८ सेकंदांत शर्यत मारली, दुसरा ५०.५९. तो व्हिडिओ तिने किती वेळा बघितलाय!

ऐरोलीचा_हवामानवेडा
बुधवार, सकाळी ७:३०

'बटरफ्लाय इफेक्ट' राहिला. १९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवामानाचं गणित चालवत होते. एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा घातला. थोड्याच वेळात दोन्ही उत्तरं एकमेकांपासून पार लांब गेली. १९७२च्या व्याख्यानाचं शीर्षक होतं ते ब्राझीलमधल्या फुलपाखराने पंख हलवले तर टेक्सासमध्ये वादळ होईल का, असं. त्याआधी ते उदाहरण समुद्रपक्ष्याचं द्यायचे.

लोक याचा अर्थ लावतात, लहान गोष्टीतून मोठी गोष्ट घडते. तेवढंच नाही. पंख हलल्यामुळे वादळ जसं होऊ शकतं तसंच टळूही शकतं, आणि कुठल्या पंखाने काय झालं ते कोणालाच मोजता येत नाही. मुद्दा आहे तो अंदाजाच्या मर्यादेचा. त्यामुळे 'फुलपाखरू परिणाम' हे भाषांतर मला चालतं, कारण इथे मुळातच फुलपाखरू अभिप्रेत आहे, आकार नाही.

ऑक्टोबर २०१८मध्ये आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळाचं नाव 'तितली' होतं, हेही यादीत घ्या.

शब्दवेल्हाळ, वर्तकनगर
बुधवार, सकाळी ९:१५

"आकार नाही, फुलपाखरू." हवामानवेडा, तुम्ही माझं काम सोपं केलंत. जिथे नुसता आकार आहे तिथे ज्याचं त्याचं चालू नाव. जिथे खरंच फुलपाखरू आहे तिथे फुलपाखरू.

मग 'पोटात फुलपाखरं उडणं' कुठे टाकायचं?

खारघरची_कन्या
बुधवार, सकाळी ११:४०

आम्ही बोलतो असं! मला ते परकं वाटत नाही.

पाचपाखाडीकर
बुधवार, दुपारी १२:२०

बाळ, तुला विरोध करायचा म्हणून नाही, पण आपल्याकडे पोटातल्या घालमेलीचे किती शब्द आहेत बघ. परीक्षेआधी पोटात गोळा येतो. वाईट बातमीने धस्स होतं. लेक सासरी निघाली की कालवाकालव होते. उशीर झाला आणि माणूस आला नाही की जीव खालीवर होतो. यातला प्रत्येक प्रसंग वेगळा आहे. एक फुलपाखरू आणून ठेवलं तर बाकीचे अडगळीत जातील, ही माझी काळजी.

खारघरची_कन्या
बुधवार, दुपारी १:०५

सर, पण यातला एकही आनंदाचा नाही! इंग्रजीत ते स्टेजवर जाण्याआधीच्या भीतीलाही वापरतात. आम्ही ते घेतलं ते फक्त एका गोष्टीसाठी. कोणीतरी आवडतं, त्याचा मेसेज येतो, आणि पोटात काहीतरी हलतं. गोळा नाही, खड्डा नाही, हलकं असतं ते. माझ्या आजीला विचारलं तर म्हणाली, आमच्या वेळी याला शब्द नव्हता, मान खाली घालायची एवढंच. मग आमच्याकडे शब्द आला तर येऊ दे ना.

पाचपाखाडीकर
बुधवार, दुपारी ४:३०

दुपारभर विचार केला. हुरहूर म्हणावं तर तिच्यात विरह आहे. उकळ्या फुटतात त्या आनंदाच्या, पण त्यात धाकधूक नाही. तुझं बरोबर आहे. त्या जागेवर शब्द नव्हता. तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग.

शब्दवेल्हाळ, वर्तकनगर
बुधवार, रात्री ९:५०

दोन्ही वाक्यं लिहिली.

पुस्तिकेत: "पंप सुरू करण्यापूर्वी बटरफ्लाय व्हॉल्व्ह उघडा आहे ना ते बघा. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर व्हॉल्व्ह उघडा. बंद करताना दांडी सावकाश फिरवा." चित्र काढून मागितलंय.

पत्रकात: "बाळाच्या हाताला लावलेल्या सुईला दोन छोटे पंख आहेत. पंखांवरची चिकटपट्टी सुटली किंवा तिथे सूज आली तर लगेच सिस्टरना हाक मारा."

सिस्टर, बघता का?

चावीवाला, रबाळे
बुधवार, रात्री १०:२०

पहिलं एकदम बरोबर. पण आधी विचारून घ्या, त्यांच्याकडे गिअरबॉक्सवाले असतील तर दांडी नसते, वर चाक असतं. मग खूण वरच्या काट्यावर बघायची.

सिस्टर_कळवा
गुरुवार, सकाळी ९:०५

रात्री वॉर्डात वाचून दाखवलं. एक आई लगेच बाळाच्या हातावर वाकून बघायला लागली, म्हणजे कळलं. पण दुसरी म्हणाली, "पंख कुठेत सिस्टर? कान म्हणा ना, सुईचे कान." शेजारच्या दोघींनी माना हलवल्या.

ताई, 'पंख' काढा, 'कान' घाला.

शब्दवेल्हाळ, वर्तकनगर
गुरुवार, सकाळी ९:३२

घातलं. "सुईला प्लास्टिकचे दोन कान आहेत." आज दुपारी पाठवते.